दुसऱ्या राज्यात ओव्हरस्पीडचं ई-चलान आलंय? खरं की खोटं ओळखण्यापासून ते भरेपर्यंत किंवा लढेपर्यंत

शनिवार-रविवार गोवा, नाहीतर गोकर्ण, नाहीतर सोलापूरमार्गे हैदराबाद. गाडी आपली, पासिंग महाराष्ट्राचं. घरी परतल्यावर काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज येतो की तुमच्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली आहे, चलान झालं आहे. रस्त्यात कुणी अडवलं नव्हतं, शिट्टी मारली नव्हती, पावती फाडली नव्हती. मग डोक्यात तीन प्रश्न येतात. हे खरं आहे का? नाही भरलं तर काय होईल? आणि दुसऱ्या राज्याच्या पोलिसांचं चलान महाराष्ट्रात लागू तरी होतं का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच बहुतेक जण फसतात. हो, लागू होतं. मोटार वाहन कायदा १९८८ हा देशभर एकच आहे. कर्नाटकातला कॅमेरा असो की गुजरातमधला, कलम तेच लागतं. दंडाचा आकडा आणि भरायची वेबसाइट राज्यानुसार बदलते, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर ते जिथे वेग मोडला त्या भागातल्या कोर्टात जातं. ‘आपण काय परत तिकडे जाणार आहोत’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. चलान तुमच्या मागे गाडीच्या नंबरवरून येतं, आणि तो नंबर तर गाडीसोबतच राहणार.

कॅमेऱ्याला तुमचा मोबाइल नंबर कुठून मिळाला?

कॅमेऱ्याला तुम्ही कोण हे माहीत नसतं. त्याला फक्त नंबर प्लेट दिसते. सॉफ्टवेअर प्लेटवरची अक्षरं वाचतं, ती ‘वाहन’ या केंद्रीय डेटाबेसमध्ये शोधली जातात आणि तिथून मालकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर मिळतो. एमएच-०९ ची गाडी बेळगावजवळ कॅमेऱ्यात आली काय किंवा एमएच-०७ ची गाडी पेडण्यात आली काय, काम असंच चालतं.

वेग मोजायच्या मुख्य पद्धती दोन. पहिली म्हणजे त्या क्षणाचा वेग. रडार किंवा लेझर गनने एका ठिकाणी तुमचा वेग मोजला जातो. हे यंत्र खांबावर असतं, किंवा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत. दुसरी पद्धत सरासरी वेगाची. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, पहिला कॅमेरा तुमची वेळ नोंदवतो आणि दुसराही. समजा मधलं अंतर १० किलोमीटर आहे आणि मर्यादा १००. नियमात चाललात तर किमान ६ मिनिटं लागायला हवीत. ५ मिनिटांत पोहोचलात म्हणजे सरासरी १२०, चलान पक्कं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून जी आयटीएमएस यंत्रणा सुरू झाली, तिच्यात दोन्ही पद्धती आहेत. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि तो गेला की परत अ‍ॅक्सिलरेटर, ही जुनी युक्ती सरासरीपुढे चालत नाही.

मेसेज न येण्यामागे बहुतेक वेळा एक साधं कारण असतं: ‘वाहन’मध्ये तुमचा जुना नंबर आहे, किंवा गाडी घेताना शोरूमवाल्याने स्वतःचाच नंबर टाकला आहे. चलान होतं, मेसेज भलत्यालाच जातो आणि तुम्हाला पत्ता लागतो तो दोन वर्षांनी गाडी विकायला काढल्यावर. परिवहन पोर्टलवर वाहनाच्या ऑनलाइन सेवांमध्ये मोबाइल नंबर बदलायची सोय आहे. आरसी हातात घेऊन बसा, कारण चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख असे तपशील मागतात. हा लेख वाचून एकच काम करणार असाल तर हे करा.

मेसेज आला, पण लिंक उघडू नका

खऱ्या चलानापेक्षा खोट्या चलानाचा फटका मोठा बसू शकतो. खरं चलान हजार-दोन हजारांचं, खोटं मात्र अख्खं बँक खातं साफ करू शकतं. प्रकार असा असतो: व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून मेसेज येतो, डीपीला पोलिसांचा नाहीतर परिवहन विभागाचा लोगो, खाली तुमच्या गाडीचा नंबरसुद्धा बरोबर, आणि सोबत ‘आरटीओ चलान’ अशा नावाची एक फाइल. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पावती नसते, अ‍ॅप असतं. इन्स्टॉल करून एसएमएस वाचायची परवानगी दिली की तुमचे ओटीपी समोरच्याला दिसायला लागतात.

म्हणून एकच नियम पाळा. चलानाची एपीके फाइल कुठलंही सरकारी खातं पाठवत नाही. आली की उघडू नका, डिलीट करा, नंबर ब्लॉक करा. घरच्या ग्रुपवर कुणी फॉरवर्ड केली असेल तर तिथेही सांगा, कारण ‘बघ रे, आपल्या गाडीचं आहे का’ म्हणत काका ती उघडतातच.

दुसरा प्रकार एसएमएसमधल्या लिंकचा. पान हुबेहूब परिवहनसारखं दिसतं, पण पत्ता वेगळा असतो. ‘परिवहन’ हा शब्द पत्त्यात कुठेही घुसवता येतो, त्याला अर्थ नाही. बघायचं ते नावाचा शेवट, म्हणजे पहिली तिरकी रेघ येण्याआधीचा भाग. तो ‘डॉट गव्ह डॉट इन’ असाच हवा. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑनलाइन’ किंवा नुसतं ‘डॉट इन’ असेल तर सोडून द्या. एसएमएस कुणाकडून आला तेही पाहा. २०२५ पासून व्यावसायिक मेसेजच्या नावापुढे एक अक्षर येतं आणि सरकारी मेसेजला ते ‘जी’ असतं. दहा आकडी साध्या नंबरवरून ‘सरकार’ बोलत असेल तर संशय घ्यायलाच हवा.

मेसेज खरा वाटला तरी त्यातल्या लिंकवर न जाता ब्राउझरमध्ये स्वतः पोर्टल उघडून गाडीचा नंबर टाकून पाहा. चलान खरं असेल तर ते तिथे सापडेल. एपीके चुकून इन्स्टॉल झालीच असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. या कामात जितका उशीर, तितके पैसे परत मिळायची शक्यता कमी.

चलान शोधायचं कुठे?

परिवहनच्या ई-चलान पोर्टलवर गाडी नंबर टाकला, काही दिसलं नाही, म्हणजे चलान नाही असा निष्कर्ष काढू नका. सगळी राज्यं एकाच पोर्टलवर नाहीत. महाराष्ट्र पोलिसांचं ‘महाट्रॅफिक’ वेगळं आहे, तेलंगणाच्या पोलिसांचं ई-चलान पोर्टल वेगळं आहे, कर्नाटकात पोलिसांच्या स्वतःच्या सोयी आहेत. गोव्याचं चलान मात्र परिवहनच्या केंद्रीय पोर्टलवर पाहायला मिळतं.

त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी केंद्रीय ई-चलान पोर्टल किंवा एमपरिवहन अ‍ॅप. गाडीचा नंबर टाकल्यावर चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे मागतात, ते आरसीवर असतात. डिजिलॉकरमध्ये आरसी असेल तर तिथूनच बघता येतात. तिथे काही नसेल तर ज्या राज्यातून गेला होतात त्या राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या साइटवर जा. आणि तिथेही नसेल पण मेसेज मात्र खरा वाटतोय, तर व्हर्च्युअल कोर्टची साइट बघा. तिच्याबद्दल पुढे येतंच.

प्रवास दोन-तीन राज्यांतून झाला असेल तर प्रत्येक राज्याचं वेगळं पाहावं लागतं. पुण्याहून बेंगळुरूला जाताना महामार्ग ४८ वर कोल्हापूरपर्यंत महाराष्ट्र, निपाणीपासून कर्नाटक. एकाच दिवशी दोन्हीकडे चलान होऊ शकतं आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात.

फोटो उघडून नीट बघा

पैसे भरायची घाई करू नका. आधी चलानावरचा फोटो मोठा करून पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ साली १६७-ए हा नियम आला. कॅमेऱ्याच्या चलानात काय असायला हवं ते त्यात स्पष्ट लिहिलं आहे: गुन्हा आणि नंबर प्लेट दिसेल असा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण, कुठलं कलम मोडलं ते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं प्रमाणपत्र. त्याच नियमात अशा यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं, असंही म्हटलं आहे. कॅमेरा असलेल्या पट्ट्याच्या आधी तसा फलक लावणं अपेक्षित आहे. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवावी, हेही त्यातच आहे.

नियमातली ही यादी म्हणजे तुमचं तपासणीपत्रक समजा. फोटोत प्लेट वाचताच येत नाही, वेगाचा आकडाच नाही, ठिकाण चुकीचं आहे, असं काही असेल तर तक्रारीला आधार मिळतो. नोटीस १५ दिवसांनंतर आली तर तो मुद्दाही तक्रारीत लिहावा. पण तेवढ्यावर चलान आपोआप रद्द होतं, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्यावर विसंबू नका. रद्द करायचं की नाही हे अधिकारी किंवा कोर्ट ठरवतं.

फोटोत गाडी खरंच तुमचीच आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अक्षरं चुकीची वाचू शकतं. इंग्रजी आठ आणि बी, शून्य आणि डी, एक आणि सात यांत गल्लत होऊ शकते, विशेषतः फॅन्सी प्लेटवर किंवा चिखलाने माखलेल्या प्लेटवर. चलान तुमच्या पांढऱ्या स्विफ्टचं आणि फोटोत लाल ट्रक, असं असेल तर प्रश्न तिथेच सुटतो. गाडी त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दिसत असेल पण तुम्ही त्या दिवशी त्या राज्यात गेलाच नव्हता, तर मामला गंभीर आहे. त्यावर पुढे वेगळं लिहिलंय.

दंड किती, आणि वेग किती चालतो?

ओव्हरस्पीडचं कलम १८३. सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हलक्या मोटार वाहनांसाठी दंड १००० ते २००० रुपये, मध्यम आणि अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनांसाठी २००० ते ४००० रुपये. जागेवर किंवा ऑनलाइन भरून मिटवायची रक्कम प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं, म्हणून एकाच वेगाला दोन राज्यांत वेगळा आकडा दिसतो. महाराष्ट्रात कारला २००० पडतात म्हणून शेजारी राज्यातही तेवढेच, असं नाही. दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला तर लायसन्स जप्त करायची तरतूदही याच कलमात आहे.

वेगमर्यादेत लोक जास्त अडकतात. केंद्राने २०१८ मध्ये कारसाठी जाहीर केलेली कमाल मर्यादा एक्सप्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहरातल्या आणि इतर रस्त्यांवर ७० अशी होती. बाइकला ती एक्सप्रेसवे आणि चौपदरीवर ८०, बाकी ठिकाणी ६०. पण हे झाले वरचे आकडे. स्थानिक मर्यादा यापेक्षा कमी असू शकते आणि बहुतेक ठिकाणी असतेच. आपल्याच मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला सपाटीवर १०० आणि बोरघाटात ६०. उत्तर प्रदेशातल्या यमुना एक्सप्रेसवेवर कारची मर्यादा एरवी १००, पण थंडीत धुक्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती ७५ वर आणतात. जानेवारीत ताजमहाल बघायला गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार? रस्त्यावरचा बोर्ड. गुगल मॅप्समध्ये नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये स्पीडोमीटर आणि वेगमर्यादा दाखवायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. मात्र मॅप आणि बोर्ड यांत फरक दिसला तर बोर्डाचं ऐका.

कर्नाटकात जाणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: १३०. ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या पोलिसांनी ताशी १३० किलोमीटरच्या वर गाडी चालवणाऱ्यांवर थेट एफआयआर दाखल करायचं धोरण घेतलं. बेंगळुरू-मैसुरू महामार्गावरचे अपघात हे त्यामागचं मोठं कारण. तिथे प्रकरण नुसत्या चलानावर थांबत नाही, भारतीय न्याय संहितेचं बेदरकार वाहन चालवण्याचं कलम २८१ लागू शकतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशी नोटीस आली तर मोबाइलवर पैसे भरून विषय मिटत नाही. वकिलाशी बोला.

भरायचं ठरवलं तर

फोटो बरोबर, गाडी आपली, वेगही खरंच जास्त होता, आणि रक्कम हजार-दोन हजार. अशा वेळी माझं मत सरळ आहे: भरून मोकळे व्हा. सांगलीहून हुबळीच्या कोर्टात एक खेप मारायची म्हटली तरी पेट्रोल, रजा आणि वकील यांचा खर्च दंडाच्या वर जातो. फक्त भरणं म्हणजे गुन्हा मान्य करणं, हे ध्यानात ठेवा. पुढच्या वेळी तो दुसरा गुन्हा धरला जाऊ शकतो.

पैसे अधिकृत पोर्टलवरूनच भरा. यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग चालतं. कुणी ‘या नंबरवर जीपे करा, निम्म्यात मिटवतो’ म्हणत असेल तर तो कोण आहे हे सांगायला नको. पैसे कापले गेले पण चलान अजून प्रलंबित दिसतंय, असं घडू शकतं. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा स्क्रीनशॉट काढा, पोर्टलवर अडकलेला व्यवहार तपासायची सोय वापरा आणि बँकेच्या स्टेटमेंटवर लक्ष ठेवा. पावतीची पीडीएफ डाउनलोड करून ड्राइव्हवर ठेवा. ती नंतर शोधायला गेलात तर मिळेलच असं नाही.

रस्त्यातच अडवलं असेल तर गोष्ट वेगळी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आणि आरसी कायद्याने चालतात, फोटो गॅलरीतला स्कॅन नाही. दंड भरलात तर पावती घ्या, मशीनची असो की छापील. पावतीशिवाय रोख देऊ नका. भाषा येत नसेल तरी ‘रिसीट’ हा शब्द सगळीकडे कळतो.

प्रकरण कोर्टात गेलं असेल तर

बरेच दिवस भरलं नाही तर चलान कोर्टाकडे जातं आणि पोर्टलवरचं पैसे भरायचं बटण गायब होतं. मुदत किती ते चलानावर किंवा नोटिशीवर लिहिलेलं असतं, तेच खरं धरा. कुणी बटण नाही म्हणजे चलान माफ झालं असं समजतं, कुणी एजंट गाठतं. दोन्हीची गरज नाही. आधी व्हर्च्युअल कोर्टची साइट पाहा. तिच्याही पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे.

व्हर्च्युअल कोर्ट म्हणजे व्हिडिओ कॉलवरची सुनावणी नव्हे. एक न्यायाधीश ऑनलाइन आलेली चलानं बघतात, दंड ठरवतात आणि तुम्हाला मेसेज जातो. हजर कुणीच राहायचं नसतं. महाराष्ट्रात असं कोर्ट २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला सुरू झालं, हे अनेकांना माहीत नसतं. साइटवर आधी राज्य किंवा विभाग निवडायचा. तुमचा नाही, चलान केलं त्यांचा. इथेच गडबड होते. गाडी महाराष्ट्राची म्हणून लोक महाराष्ट्र निवडतात आणि ‘नोंद सापडली नाही’ बघून निश्चिंत होतात. मग मोबाइल नंबर, चलान नंबर किंवा गाडीच्या नंबरने शोधा. प्रकरण उघडलं की दोन पर्याय दिसतात: सुचवलेला दंड भरायचा आहे, किंवा प्रकरण लढवायचं आहे. पहिला निवडला तर पैसे भरून प्रकरण संपतं. दुसरा निवडला तर ते त्या भागातल्या नेहमीच्या कोर्टाकडे पाठवलं जातं, आणि मग तिथल्या तारखा. एकदा ‘लढवायचं’ दाबलं की मागे फिरणं सोपं नाही, म्हणून उगाच बघू काय होतं म्हणून दाबू नका. अशा खटल्यात वकिलामार्फत हजर राहता येतं, प्रत्येक तारखेला स्वतः जावंच लागतं असं नाही.

तुम्ही तिथे गेलाच नव्हता?

आता तो गंभीर मामला. तुमच्या गाडीचा नंबर दुसऱ्याने आपल्या गाडीला लावला असेल तर एक चलान भरून सुटका नाही. आज ओव्हरस्पीडचं आलं, उद्या त्याच गाडीने अपघात केला किंवा चोरीत वापरली गेली तर पोलीस तुमच्या दारात येतील. म्हणून रक्कम पाचशे असो की दोन हजार, असं चलान ‘जाऊ दे’ म्हणत भरू नका. भरलंत म्हणजे ती गाडी तुमची होती असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं.

पुरावे लगेच गोळा करा. चलानाच्या तारखेचं आणि वेळेचं फास्टॅग स्टेटमेंट बँकेच्या अ‍ॅपमधून काढा. त्या वेळी तुमची गाडी खेड शिवापूर टोलवर होती आणि चलान वापीचं असेल तर याहून चांगला पुरावा नाही. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आजच मागा, कारण ते थोड्याच दिवसांत पुसलं जातं. गाडी सर्व्हिसिंगला असेल तर जॉब कार्ड, ऑफिसच्या पार्किंगची नोंद, पेट्रोलचं कार्ड बिल, जे मिळेल ते ठेवा. गुगलची टाइमलाइन चालू असेल तर तीही जोडा. ती आता फोनमध्येच साठते, त्यामुळे फोन बदलण्याआधी बॅकअप घेतलेला बरा. अर्थात टाइमलाइन फोन कुठे होता ते सांगते, गाडी कुठे होती ते नाही. ती आधाराला चालते, एकटी पुरत नाही.

मग चलानाचा फोटो आणि तुमच्या गाडीचे ताजे फोटो शेजारी ठेवा. बंपरवरचा ओरखडा, अलॉय व्हील, मागच्या काचेवरचा स्टिकर, बाइकचा क्रॅश गार्ड, हाय सिक्युरिटी प्लेट आहे की साधी, अशा फरकांवर गोल करून दाखवा. हे सगळं घेऊन आधी तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात नंबरचा गैरवापर होत असल्याची तक्रार द्या आणि शिक्का असलेली प्रत घ्या. त्यानंतर चलान केलेल्या पोर्टलवरच्या तक्रारीच्या पर्यायात चलान नंबर, थोडक्यात मजकूर आणि ही कागदपत्रं टाका. त्या शहराच्या वाहतूक पोलिसांना ई-मेलही करा. मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत, पाच-सहा ओळींचा पुरे: गाडी नंबर, चलान नंबर, त्या वेळी गाडी कुठे होती, सोबत काय जोडलंय. रागाचा निबंध लिहू नका, तो कुणी वाचत नाही. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

प्लेट चुकीची वाचली गेली असेल तर मात्र एवढा व्याप नको. फोटोवरच चूक दिसते, पोर्टलवर तक्रार टाकून पाठपुरावा केला तरी पुरे.

गाडी तुमची, चालवत होता मित्र

नोटीस मालकाच्या नावाने येते. पोलिसांनी विचारलं तर त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ही माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात हजार-दोन हजारांसाठी मित्राचं नाव कुणी कळवत नाही, मित्राकडून पैसे घेतात आणि भरतात. तेही चालतं, पण एफआयआरचं प्रकरण असेल तर ही दोस्ती महागात पडेल.

गोव्यात भाड्याने घेतलेल्या स्कूटरचं किंवा कारचं चलान मालकाकडे जातं, मग तो तुमच्या डिपॉझिटमधून कापतो किंवा नंतर फोन करतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या, ती भाड्याने द्यायला परवाना असलेली असते. ताब्यात घेतानाची आणि परत करतानाची वेळ दाखवणारा फोटो काढून ठेवा. मालकाने चलान दाखवलं तर तारीख आणि वेळ तुमचीच आहे ना ते ताडून मगच पैसे द्या.

गाडी विकली आहे पण कागदावर अजून तुमच्याच नावावर आहे, हा तर नेहमीचा घोळ. विक्रीनंतर फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदलल्याशिवाय सरकारच्या लेखी मालक तुम्हीच. स्टॅम्प पेपरवरची सही कॅमेऱ्याला दिसत नाही.

नाही भरलं तर

लगेच काही होत नाही, हीच अडचण. चलान नंबरवर पडून राहतं आणि आरटीओचं काम निघालं की समोर येतं. मालकी बदलायची, दुसऱ्या राज्यात न्यायला एनओसी हवी, टॅक्सी-टेम्पोचं फिटनेस करायचं, की काम अडतं. कोर्टात गेलेल्या प्रकरणात समन्स येऊ शकतं.

सेकंडहँड बाइक घेणाऱ्यांनी हे उलट बाजूने बघा. आपल्या राज्याचं पोर्टल स्वच्छ दिसतंय म्हणून टोकन देऊ नका. विकणाऱ्याला सरळ विचारा की गाडी बाहेर कुठे फिरलीय, आणि त्या राज्यांच्या साइटवर तसंच व्हर्च्युअल कोर्टवर नंबर टाकून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

अधूनमधून राज्यं जुन्या चलानांवर सवलत देतात. कर्नाटकाने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये प्रलंबित चलानांवर ५० टक्के सूट दिली, तेलंगणाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये दुचाकींना ८० टक्के तर कारला ६० टक्के दिली. लोकअदालतीतही काही ठिकाणी रक्कम कमी होते, पण दुसऱ्या राज्याच्या चलानासाठी त्या राज्याचीच लोकअदालत बघावी लागते. सूट येईल म्हणून मुद्दाम थांबणं म्हणजे लॉटरीच. मात्र जुनं चलान आधीच पडून असेल, तर भरण्याआधी त्या राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या साइटवर किंवा एक्स खात्यावर सवलत चालू आहे का ते एकदा बघून घ्या.